कामामोतो कितव्या नंबरवर? जपानच्या एका रिटायर्ड स्ट्रायकर-कोचच्या लोकप्रियता रँकिंगबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या फुटबॉलच्या ग्रुपवर दर दोन महिन्यांनी कोणीतरी एक स्क्रीनशॉट टाकतं, "जपानचे सर्वात लोकप्रिय फुटबॉलपटू", आणि मग खाली भांडण सुरू. कामामोतो एवढा खाली कसा, नाकाता एवढा वर कसा, हे रँकिंग काढतं कोण, वगैरे वगैरे. तीच तीच उत्तरं टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतोय. माझं पोटापाण्याचं काम डेटाचं आहे आणि वेड फुटबॉलचं, त्यामुळे थोडं गणित येईल, पण आठवी-नववीच्या वरचं फारसं नाही.

आधी हे सांगा, हा कामामोतो कोण?

कुनिशिगे कामामोतो. जन्म १५ एप्रिल १९४४, क्योतो. वासेदा युनिव्हर्सिटीत शिकला, १९६७ ला यानमार डिझेल या कंपनीच्या टीममध्ये आला (हो, तीच इंजिनं आणि ट्रॅक्टरवाली यानमार) आणि शेवटपर्यंत तिथेच खेळला. तेव्हा जपानमध्ये प्रोफेशनल फुटबॉल नव्हतं, कंपन्यांच्या टीम असायच्या, आपल्याकडे टाटा, महिंद्रा, ओर्के मिल्स यांच्या असायच्या तशाच. जपान सॉकर लीगमध्ये २५१ मॅच, २०२ गोल. सात वेळा लीगचा टॉप स्कोअरर. जपानच्या नॅशनल टीमसाठी तिथल्या फुटबॉल असोसिएशनच्या हिशोबाने ७६ मॅचमध्ये ७५ गोल, आणि हा पुरुषांचा रेकॉर्ड आजही तुटलेला नाही. दुसऱ्या नंबरवर काझुयोशी मिउरा आहे, ८९ मॅचमध्ये ५५. तिसरा शिंजी ओकाझाकी, ११९ मॅचमध्ये ५०. फरक बघा फक्त.

"पुरुषांचा" हा शब्द मुद्दाम टाकलाय. होमारे सावाचे जपानसाठी ८३ गोल आहेत, तेव्हा "जपानसाठी सर्वाधिक गोल कोणाचे" या क्विझच्या प्रश्नाचं उत्तर कामामोतो लिहिलंत तर चूक धरतील, आणि बरोबरच धरतील.

आणि कोच कधी होता?

१९७८ पासून १९८४ पर्यंत यानमारमध्येच प्लेअर-मॅनेजर होता, म्हणजे टीम पण हाच निवडायचा आणि नऊ नंबरची जागा पण यालाच हवी. त्यात १९८० ची लीग जिंकली. मग १९९१ ते १९९४ मात्सुशिता इलेक्ट्रिक, म्हणजे पुढे जी गाम्बा ओसाका झाली ती टीम. १९९३ ला जे-लीग (जपानची प्रोफेशनल लीग) सुरू झाली तेव्हा गाम्बाचा कोच कामामोतोच होता, पण तिथे काही फार चमक दिसली नाही, टीम टेबलच्या खालच्या अंगालाच घुटमळत राहिली.

यात एक गंमत आहे जी रँकिंगवाल्यांना कधीच दिसणार नाही. यानमारची पुढे सेरेझो ओसाका झाली. म्हणजे गडी सेरेझोच्या घराण्याचा दैवत आणि गाम्बाचा पहिला जे-लीग कोच. ओसाका डर्बीच्या, म्हणजे एकाच गावच्या या दोन टीमच्या लढतीच्या, दोन्ही बाजूंना याचा फोटो लावायला लागतो. तिथल्या लोकांना विचारलं की हा कोणाचा, तर उत्तर द्यायच्या आधी समोरचा कुठल्या रंगाचा टीशर्ट घालून आलाय ते बघत असतील असं मला वाटतं.

हे "लोकप्रियता रँकिंग" नक्की कोणतं?

इंटरनेटवर असली दहा-बारा रँकिंग फिरत असतात. त्यातली बरीचशी "वाढदिवस आणि राशी" छापाची आहेत, त्यांचा हिशोब कोणाला सांगता येत नाही, सोडून द्या. ज्याचा हिशोब उघड मांडलेला आहे असं एक म्हणजे पँथिऑन. हे अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये सेझार हिदाल्गो आणि त्याच्या सहकाऱ्यांनी सुरू केलं, पहिला डेटा २०१६ ला पेपर म्हणून छापला. त्यात ११,३४१ माणसं होती. आत यायची अट साधी, त्या माणसावर विकिपीडियाच्या २५ पेक्षा जास्त भाषांमध्ये लेख पाहिजे. पुढच्या आवृत्त्यांमध्ये अट सैल केली आणि यादी कितीतरी मोठी झाली, त्यामुळे आता असे बरेच फुटबॉलपटू दिसतात जे पहिल्या यादीत नसते.

"अमुक हा जपानमध्ये जन्मलेला इतक्या नंबरचा लोकप्रिय फुटबॉलपटू" अशी जी वाक्यं तुम्ही वाचता ती बहुतेक इथून किंवा अशाच पद्धतीच्या डेटातून आलेली असतात.

मतदान होतं का? मला मत देता येईल का?

नाही हो. कोणी कोणाला मत देत नाही. जज नाहीत, एसएमएस नाही. फक्त विकिपीडियावर लोकांनी काय वाचलं त्याची मोजदाद आहे. तुम्ही आत्ता कामामोतोचं पान उघडलंत तर तेच तुमचं मत म्हणा, पण ते इंग्लिश पान असेल तर जवळजवळ वाया. का ते खाली सांगतो.

आकडा कसा काढतात? सोपं करून सांगा.

२०१६ च्या पेपरमधला फॉर्म्युला सांगतो, कारण तो छापलेला आहे आणि कागद-पेन घेऊन करून बघता येतो. (नंतर त्यांनी हिशोबात बदल केले आणि आकडा १०० पर्यंतच्या पट्टीवर आणला, पण मूळ डोकं तेच.) पाच गोष्टी लागतात.

पहिली, किती भाषांमध्ये लेख आहे. दुसरी, "खऱ्या अर्थाने" किती भाषा. म्हणजे लेख तीस भाषांत आहे पण वाचणारे सगळे एकाच भाषेत असतील तर ते तीस कागदावरचेच. तिसरी, वय, म्हणजे जन्माला येऊन किती वर्षं झाली, माणूस जिवंत आहे की गेला याने फरक नाही. चौथी, इंग्लिश सोडून बाकी भाषांमधले पेज व्ह्यूज. पाचवी, व्ह्यूज किती वरखाली होतात. एकदम उसळी आणि मग शुकशुकाट असं असेल तर मार्क कापतात, वर्षभर थोडे थोडे लोक येत असतील तर कापत नाहीत.

पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या आकड्याचा नॅचरल लॉग घ्यायचा (लॉग म्हणजे मोठे आकडे दाबून छोटे करायची युक्ती, कॅल्क्युलेटरवर ln चं बटण), वयाचा लॉग ४ च्या बेसने, सगळं बेरीज, आणि वरखालीच्या आकड्याचा लॉग वजा. आणि वय ७० च्या खाली असेल तर ७० ला जितकी वर्षं कमी तितक्यांना ७ ने भागून तेवढं अजून वजा. झालं.

एक उदाहरण करून दाखवा ना.

दाखवतो, पण हे आकडे मी समजावण्यासाठी धरलेत, कामामोतोचे खरे आकडे नाहीत, उद्या कोणी स्क्रीनशॉट काढून फिरवू नका.

समजा एका जपानी फुटबॉलपटूवर ३० भाषांत लेख आहेत. वाचणाऱ्यांपैकी ८० टक्के जपानीतून वाचतात आणि उरलेले २० टक्के बाकीच्या २९ भाषांत सारखे पसरलेत. आता "खऱ्या भाषा" काढायचा जो हिशोब आहे (एन्ट्रॉपी म्हणतात, घाबरू नका) तो केला की उत्तर येतं साधारण ३.२. म्हणजे तीस भाषांचा बोर्ड लावलाय पण दुकान सव्वातीन भाषांचंच चालतंय.

आता ३० चा लॉग ३.४०, ३.२ चा १.१७, वय ८१ धरलं तर ३.१७, इंग्लिश सोडून ४ लाख व्ह्यूज धरले तर १२.९०, आणि वरखालीचा आकडा २ धरला तर ०.६९ वजा. बेरीज १९.९५.

आता इथे थांबून जरा बघा, कारण सगळी मेख इथेच आहे. व्ह्यूज दुप्पट केले, ४ चे ८ लाख, तर आकडा वाढतो फक्त ०.६९ ने. भाषा ३० च्या ६० केल्या तरी ०.६९. वरखाली निम्मी केली तरी ०.६९. म्हणजे चार लाख लोकांनी जास्त वाचणं आणि तीस भाषांमध्ये कोणीतरी बसून चार चार ओळींचे लेख टाकणं, या दोन्हीला तिथे सारखाच भाव. अमुक साली जन्म, अमुक क्लब, नॅशनल टीमसाठी इतक्या मॅच, संपला लेख, अशा साच्यातल्या छोट्या लेखांना पण भाषा म्हणून पूर्ण मार्क मिळतात. "खऱ्या भाषा" या दुसऱ्या आकड्यात ते पकडले जातात खरे, कारण तिथे वाचक लागतात, पण पहिल्या आकड्यात ते फुकट घुसतात.

इंग्लिश का काढून टाकलं?

कारण इंग्लिश विकिपीडियावर सगळ्या जगाची गर्दी असते आणि अमेरिका-इंग्लंडची माणसं उगाच वर जातात. ते टाळायला चौथ्या आकड्यातून इंग्लिश वगळलं. मला हे पटतं. पण आपल्यासाठी त्याचा अर्थ काय होतो बघा, आपण मराठी माणसं कामामोतोबद्दल वाचणार बहुतेक इंग्लिशमधूनच, म्हणजे आपलं वाचन तिथे धरलंच जात नाही (दुसऱ्या आकड्यात थोडंफार). मराठीतून एकाने वाचलं तर मात्र धरतात. आहे की नाही मजा.

मग नाकाता त्याच्या वर का? त्याने तर कामामोतोच्या पासंगालाही पुरतील एवढे गोल नाही केले.

गोल मोजतच नाहीत, हे पहिलं डोक्यातून काढा. फॉर्म्युल्यात गोलाचा "गो" पण नाही.

हिदेतोशी नाकाता १९७७ चा. वयाचा दंड त्याला बसतो, ४९ धरलं तर ७० ला २१ कमी, भागिले ७, म्हणजे ३ मार्क कट. तीन म्हणजे थोडे वाटतात पण लॉगच्या हिशोबात तीन मार्क भरून काढायला २० पट व्ह्यूज लागतात. एवढा दंड भरूनही तो एखाद्या यादीत वर दिसत असेल तर त्याला कारणं आहेत. १९९८, २००२, २००६ असे तीन वर्ल्डकप, इटलीतला पेरुजा क्लब, मग रोमा क्लबबरोबर २००१ चं इटालियन लीगचं टायटल. इटालियन वाचतात, स्पॅनिश वाचतात, इंडोनेशियात वाचतात. त्याच्या "खऱ्या भाषा" जास्त. आणि सगळं टीव्हीच्या, व्हिडिओ गेमच्या जमान्यात.

कामामोतो एकही वर्ल्डकप खेळला नाही. जपानच १९९८ ला पहिल्यांदा क्वालिफाय झालं, तोपर्यंत हा रिटायर होऊन १४ वर्षं झाली होती. १९७० च्या वर्ल्डकपची क्वालिफायर १९६९ ला होती आणि नेमकी त्याच वर्षी त्याला कावीळ झाली, हेपटायटिस, टीमच्या बाहेर. युरोपमध्ये पण कधी खेळायला गेला नाही. १९६८ च्या सुरुवातीला दोन-एक महिने पश्चिम जर्मनीत सारब्रुकेनला ट्रेनिंग घेऊन आला, तिथे युप डेरवाल होता, जो पुढे जर्मनीचा कोच झाला, १९८० चा युरो जिंकणारा. परत आल्यावर हा वेगळाच खेळाडू झाला होता असं जपानमध्ये सगळे सांगतात.

१९६८ ला असं काय केलं की अजून बोलतात?

मेक्सिको ऑलिंपिक. हे जरा सविस्तर सांगतो कारण रँकिंगच्या आकड्यात हे कुठेच येत नाही आणि खरी गोष्ट तर हीच आहे.

१४ ऑक्टोबर, नायजेरिया, ३-१, तिन्ही गोल कामामोतोचे. मग ब्राझील १-१, तिथे बरोबरीचा गोल मासाशी वातानाबेने शेवटाला केला. स्पेन ०-०. क्वार्टर फायनलला फ्रान्स, ३-१, दोन कामामोतोचे. सेमीफायनलला हंगेरीने ५-० ने धुतलं, तिथे काहीच चाललं नाही, हंगेरीच पुढे गोल्ड घेऊन गेली. आणि मग २४ ऑक्टोबरला ब्रॉन्झची मॅच, कोणाशी तर यजमान मेक्सिकोशी, कुठे तर अझतेका स्टेडियममध्ये. अख्खं स्टेडियम विरोधात. डावीकडून र्‍यूइची सुगियामाचा बॉल, कामामोतोचा गोल. परत सुगियामाचा बॉल, परत गोल. हाफटाइमला २-०. सेकंड हाफला मेक्सिकोला पेनल्टी मिळाली ती गोलकीपर केन्झो योकोयामाने अडवली. संपलं, ब्रॉन्झ मेडल.

सहा मॅच, ७ गोल, स्पर्धेचा टॉप स्कोअरर. आशियातला माणूस.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की तेव्हा ऑलिंपिक फुटबॉल अमॅच्युअर लोकांचं होतं, पश्चिम युरोपचे आणि ब्राझीलचे मोठे प्रोफेशनल येत नव्हते, पूर्व युरोपवाले मात्र सरकारी नोकरीच्या नावाखाली पूर्ण ताकदीने यायचे. पण जपानचे तर खरेच कंपनीचे नोकरदार होते. ज्याच्या कंपनीत डिझेल इंजिनं बनतात त्या माणसाने अझतेकात मेक्सिकोला दोन गोल मारले, याला कुठल्या फॉर्म्युल्यात बसवणार.

"राइट ४५ डिग्री" म्हणजे काय? कमेंटमध्ये सगळे लिहितात.

पेनल्टी बॉक्सच्या उजव्या अंगाला, गोलशी साधारण ४५ च्या कोनात बॉल मिळाला की उजव्या पायाने सणसणीत, दूरच्या पोस्टच्या दिशेने. ती त्याची जागा. डिफेंडरला माहीत असायचं, गोलकीपरला माहीत असायचं, स्टँडमधल्या पोरांना माहीत असायचं. गल्ली क्रिकेटमध्ये एखाद्या पोराचा एकच शॉट असतो आणि तरी त्याला कोणी आउट करू शकत नाही, तसं.

त्याची प्रसिद्धी जपानमध्ये कमी झाली आहे का?

म्हाताऱ्या लोकांमध्ये अजिबात नाही. २५ ऑगस्ट १९८४ ला तोक्योच्या नॅशनल स्टेडियममध्ये त्याची निरोपाची मॅच झाली त्याला पेले आणि वोल्फगांग ओव्हराथ आले होते. कंपनी टीमच्या खेळाडूच्या निरोपाला पेले! २००५ ला जपान फुटबॉल हॉल ऑफ फेममध्ये पहिल्याच तुकडीत घेतलं. मध्ये १९९५ ते २००१ तिथल्या संसदेच्या वरच्या सभागृहाचा खासदार पण होता, आणि जपान फुटबॉल असोसिएशनचा उपाध्यक्ष. आपल्याकडे जसं क्रिकेटपटू खासदार होतात तसंच.

तरुणांमध्ये मात्र मिउरा, नाकाता, होंडा, मितोमा यांची नावं आधी येणार, त्यात नवल काही नाही. माझ्या भाच्याला मी विजय मर्चंट सांगितलं तर त्याला वाटलं मी कुठल्या दुकानाबद्दल बोलतोय.

तो गेल्यावर रँकिंग वाढलं असेल ना?

कामामोतो १० ऑगस्ट २०२५ ला गेला, ८१ वर्षांचा होता, न्यूमोनिया झाला होता. कोणी गेलं की त्या आठवड्यात पान धडाधड उघडलं जातं हे खरं. पण वर सांगितलेला पाचवा आकडा आठवा, एकदम उसळी आली की मार्क कापतात. परत धरून चालू, व्ह्यूज दुप्पट झाले, तर ०.६९ मिळाले, पण वरखालीचा आकडा १ चा ३ झाला तर १.१० गेले. म्हणजे सगळं जग हळहळलं आणि बिचाऱ्याचा स्कोअर घसरला असंही होऊ शकतं. पुढे काही वर्षं लोक शांतपणे वाचत राहिले तर भरून येईल.

मला स्वतःला हा पाचवा आकडा सगळ्यात शहाणा वाटतो पण. नाहीतर आठवड्याच्या बातमीतला माणूस आणि पन्नास वर्षं आठवणीतला माणूस एकाच मापाने मोजले गेले असते.

ओकुदेरा, ओकादा हे पण खेळाडू आणि कोच. त्यांचं काय?

यासुहिको ओकुदेरा हा बुंडेसलीगात, म्हणजे जर्मनीच्या टॉप लीगमध्ये, खेळलेला पहिला जपानी, १९७७ ला कोल्न क्लबकडे गेला आणि पहिल्याच सीझनला लीग आणि कप दोन्ही जिंकले. १९७९ ला युरोपियन कपच्या सेमीफायनलला नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध त्याचा गोल आहे, ३-३ ची ती मॅच. नंतर जेफ युनायटेडचा कोच झाला. जर्मन लोक त्याला वाचणार, त्यामुळे "खऱ्या भाषां"मध्ये त्याला फायदा.

ताकेशी ओकादा खेळाडू म्हणून साधाच, पण १९९८ ला जपानच्या पहिल्या वर्ल्डकपचा कोच आणि २०१० ला परत कोच, तेव्हा टीम राउंड ऑफ १६ पर्यंत गेली. त्याची ओळख कोच म्हणूनच.

इथे एक गडबड आहे जी बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. पँथिऑनच्या डेटात एका माणसाला एकच धंदा. खेळाडू नाहीतर कोच, दोन्ही नाही. त्यामुळे कामामोतो खेळाडूंच्या रांगेत उभा आणि कोचच्या यादीत त्याचं नाव शोधत बसलात तर मिळणार नाही. मी स्वतः एकदा कोचच्या यादीत नाव नाही म्हणून ग्रुपवर मोठ्या तोऱ्यात "डेटा चुकीचा आहे" असं ठोकून दिलं होतं आणि मग एकाने शांतपणे दुसरी यादी पाठवली, अजून ऐकवतात.

देश पण असाच, जन्म आज ज्या देशाच्या हद्दीत पडतो तो देश. कामामोतो क्योतोचा त्यामुळे प्रश्न नाही. पण त्याचा यानमारमधला जोडीदार नेल्सन योशिमुरा ब्राझीलमध्ये जन्मलेला, जपानी वंशाचा, पुढे जपानचं नागरिकत्व घेऊन जपानसाठी खेळला. असा माणूस या पद्धतीत ब्राझीलच्या खात्यात जमा.

गूगल ट्रेंड्सवर बघितलं तर चालेल का?

बघा, पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. तिथला १०० म्हणजे शंभर सर्च नव्हे, त्या काळातला त्याचा स्वतःचा सगळ्यात उंच दिवस म्हणजे १००. दुसरं, डेटा २००४ पासूनचाच आहे, म्हणजे माणूस रिटायर होऊन वीस वर्षं झाल्यावर मोजायला सुरुवात. तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं, नाव जपानी लिपीत टाका. रोमन लिपीत टाकून "कोणी शोधतच नाही" म्हणणं म्हणजे पु.लं.चं नाव तमिळमध्ये शोधून महाराष्ट्रात त्यांना कोणी ओळखत नाही म्हणण्यासारखं.

विकिपीडियाचे पेज व्ह्यूज थेट बघायचं टूल पण आहे, जुलै २०१५ पासूनचे आकडे मिळतात, भाषा निवडून बघता येतं. मला विचाराल तर रँकिंगपेक्षा तेच उघडा, निदान कच्चा माल दिसतो.

७५ गोल की ८०? दोन्ही आकडे दिसतात.

जपानची असोसिएशन ७६ मॅचमध्ये ७५ धरते. काही याद्या ८४ मॅच ८० गोल दाखवतात कारण कुठली मॅच "ए इंटरनॅशनल" (दोन देशांच्या मुख्य टीममधली अधिकृत मॅच) धरायची यावर एकमत नाही, त्या काळातल्या ऑलिंपिकच्या, दौऱ्यावरच्या मॅचचा घोळ असतो. मी ७५ लिहितो. त्यात १९६७ ला फिलिपिन्सला १५-० ने हरवलं त्यातले ६ त्याचे आहेत हेही सांगून टाकतो, नाहीतर कोणीतरी कमेंटमध्ये येऊन सांगणारच.

आपला भारताचा कोणी असा आहे का?

आहे, आणि या प्रश्नासाठीच मी एवढं सगळं लिहायला बसलो असं म्हणा.

नेव्हिल डिसोझा. मूळचा गोव्याचा, आसगावचा, खेळला मुंबईत, टाटांच्या टीमकडून. १९५६ चं मेलबर्न ऑलिंपिक, १ डिसेंबर, ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, भारत ४-२ ने जिंकला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा पहिला आशियाई. त्या स्पर्धेत त्याचे ४ गोल, टॉप स्कोअररमध्ये बरोबरीने पहिला. भारत चौथा आला. म्हणजे कामामोतो मेक्सिकोला जे करणार होता त्याच्या बारा वर्षं आधी एक गोव्याचा माणूस आशियासाठी तिथे जाऊन आला होता. १९७० ला तर एशियन गेम्समध्ये जपानलाच १-० ने हरवून आपण ब्रॉन्झ घेतलं होतं, हे आता सांगितलं तर लोक गुगल करून बघतात.

माझा मोठा काका कुपरेजला रोव्हर्स कप बघायला जायचा. त्याला नेव्हिलबद्दल विचारलं की तो काही आकडा सांगायचा नाही, चहाची बशी खाली ठेवायचा आणि उजवा हात असा कमरेपासून तिरका वर न्यायचा, "असा... असा जायचा बॉल." बस. व्हिडिओ नाही, फोटो मोजके, वाचायला मराठीत काही नाही, काका पण आता नाही. कामामोतोच्या मागे जपानी भाषेतले लाखो वाचक आहेत, सारब्रुकेन आहे, पेले आलेला निरोप आहे, हॉल ऑफ फेम आहे, रेकॉर्ड नीट लिहून ठेवणारी असोसिएशन आहे. नेव्हिल १९८० ला गेला. त्याचा स्कोअर काढायला तीस भाषा आणायच्या कुठून?

म्हणून म्हणतो, ही रँकिंग खेळाडूची नसतात, त्याच्यामागे लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांची असतात.

नाव कामामोतो की कामामोटो? आणि आधी आडनाव का लिहितात?

कामामोतो, त दंत्य. इंग्लिश स्पेलिंगवरून आपण टोकियो, क्योटो, कामामोटो करतो, चालतं, कोणी मारत नाही. जपानीत आडनाव आधी, म्हणून तिथल्या यादीत कामामोतो कुनिशिगे दिसेल. शोधताना दोन्ही क्रम टाकून बघा.

मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टमध्ये "रँक" म्हणून काय लिहू?

रँक लिहूच नका, उद्या बदलेल आणि बाई विचारतील कुठून आणलं. २५१ मॅच २०२ गोल लिहा, ७६ मॅच ७५ गोल लिहा, मेक्सिको १९६८ ७ गोल लिहा. लिहायचाच असेल तर बाजूला तारीख टाका, कुठल्या यादीतला ते लिहा, आणि "फुटबॉलपटू" यादीतला आहे हे लिहा, कोचच्या नाही. माझ्यासारखं तोंडावर पडू नका.